पोरगी कोणाकडे आहे?

मुलींच्या बाबतीत काळजात धस्स व्हावं असं आमच्या घरात जे काही घडलं, ते सगळं सुट्टीत घडलं. शाळेच्या दिवसांत एकदाही नाही. हे लक्षात आलं तेव्हा आधी मला ते उलटंच वाटलं. शाळेच्या दिवसांत आमच्याकडे सकाळी नुसता गोंधळ असतो. एकीची वेणी घालताना दुसरीचं दूध उतू जातं, डब्यात भेंडी दिली म्हणून रुसवा, मोज्याच्या जोडीतला एकच सापडतो, आणि खाली व्हॅनचे काका हॉर्न वाजवत असतात. सरकारनं २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नका असं सांगितलं, पण व्हॅन पोरं गोळा करत फिरणार म्हणजे ती आमच्या दारात आठलाच येते. तेव्हा घाई आहे तशीच आहे.

तरी या घाईत एक गोष्ट पक्की असते. कुठल्याही क्षणी विचारा, धाकटी आत्ता कोणाकडे आहे, तर उत्तर एका माणसाचं नाव असतं. जिन्याच्या खालच्या पायरीपर्यंत ती माझी. तिथून व्हॅनमधल्या मावशींची. शाळेच्या फाटकापासून बाईंची. दुपारी परत मावशींची आणि मग आजीची. व्हॅन दहा मिनिटं थांबली तर पालकांच्या ग्रुपवर वीस मेसेज पडतात. सुट्टी लागली की हे सगळं एकदम सुटतं. बरोबर आजी, मावशी, काका, दोन मावसबहिणी, म्हणजे बघायला माणसं दुप्पट. आणि माणसं जितकी जास्त, तितकं ‘असेल कुणाकडे तरी’ हे वाक्य जास्त.

अलिबागला आम्ही असेच गेलो होतो. माझी ताई, भावजी, त्यांची मुलं, सासूबाई आणि आम्ही चौघं. किनाऱ्यासमोरच कुलाब्याचा किल्ला आहे. शिवाजी महाराजांनी बांधायला घेतलेला, पुढे कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं मोठं ठाणं. ओहोटीला तिथे चालत जाता येतं, नाहीतर घोडागाडी. पोरींना हे भलतंच आवडलं, की समुद्रातून चालत किल्ल्यात जायचं. निघायचं ठरलं होतं आठला. पण सुट्टी आहे, घाई काय, म्हणत पोहे झाले, पुन्हा चहा झाला, कुणाची तरी टोपी शोधून झाली आणि वाळूत पाय पडले तेव्हा साडेनऊ वाजून गेले होते. वाळू अजून ओली, मधे मधे घोट्याएवढं पाणी. बाकी सगळं मोकळं.

आत सगळे पांगले. सासूबाई सिद्धिविनायकाच्या देवळात बसल्या, थोरली मावसबहिणींबरोबर गोड्या पाण्याच्या विहिरीपाशी गेली. चारी बाजूंनी समुद्र आणि आत पिण्याजोगं पाणी कसं, यावर भावजींचं भाषण चाललं होतं. मला वाटलं धाकटी ताईकडे आहे. ताईला वाटलं, आजीजवळ देवळात. सासूबाईंना वाटलं, आई घेऊन गेली असेल. यात चूक कोणाची म्हणावी? प्रत्येकीचं म्हणणं आपापल्या जागी बरोबरच होतं. देऊळ पाहिलं, पुष्करणी पाहिली, विहिरीत वाकून पाहिलं. तो क्षण मी इथे लिहीत नाही. शेवटी ती सापडली तटावर. तिथे लोखंडी चाकांच्या गाड्यावर ठेवलेल्या दोन जुन्या इंग्रजी तोफा आहेत, त्यातल्या एकीच्या खाली सावलीला बसून ती शिंपले ओळीनं मांडत होती. ‘मी हरवले नव्हते, मी इथेच होते,’ म्हणाली. तिच्या बाजूनं तेही खरंच.

शोधण्यात अर्धा-पाऊण तास गेला होता. दरवाजातून बाहेर आलो तर मघाची वाट दिसेना. किनाऱ्याकडे वाळू दिसत होती, पण मधल्या सखल पट्ट्यात पाणी शिरलं होतं. आम्ही चप्पल हातात घेऊन उतरणार, तेवढ्यात घोडागाडीवाल्यानं आवाज दिला, ‘‘ताई, पायी नको. पोरींना आधी वर द्या.’’ निघताना घोड्याच्या पोटाला पाणी लागत होतं. थोरली हसत होती, धाकटी घोड्याचं नाव विचारत होती. मी दोघींचे दंड इतके घट्ट धरले होते की रात्री धाकटीच्या दंडावर माझ्या बोटांचे वळ दिसले.

गाडी हाकता हाकता त्या माणसानं जो हिशेब सांगितला, तो आता आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर पेन्सिलीनं लिहिलेला आहे. कोकणात तो पोराटोरांनाही येतो, आम्हा घाटावरच्यांनाच माहीत नसतो. तिथीची पाऊणपट करायची की भरतीची वेळ येते. ‘‘आज तृतीया. तिनाची पाऊणपट सव्वादोन. सव्वादोनला भरती पूर्ण.’’ ओहोटी त्याच्या सुमारे सहा तास मागे-पुढे, म्हणजे सकाळी सव्वाआठला पाणी सगळ्यात खाली होतं. अष्टमीला भरती सहाच्या सुमारास, द्वादशीला नऊला. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास, आणि त्याच दिवसांत उधाण असतं: पाणी खूप चढतं, तसंच खूप उतरतंही. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा चढउतार कमी. म्हणजे अष्टमीला दुपारी बारा वाजता ओहोटी मिळेल, पण मधली वाट कोरडी मिळेलच असं नाही. हा ढोबळ हिशेब आहे, गावागावाप्रमाणे मागेपुढे होतो. नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यात पाहावी आणि किनाऱ्यावरच्या माणसाला विचारावी. दर दिवशी वेळ साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे ‘काल याच वेळी गेलो होतो’ याला काही अर्थ नाही.

पाणी सहा तास सारख्या गतीनं चढत नाही, हेही मला तिथेच कळलं. पहिल्या तासात एकूण चढाचा बारावा भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. चार मीटरची भरती धरा. पहिल्या तासात जेमतेम फूटभर पाणी वाढतं, आपण म्हणतो अजून वेळ आहे. तिसऱ्या एका तासात ते मीटरभर वाढतं. पाच वर्षांची मुलगी उंचीला मीटरभरापेक्षा थोडीशीच जास्त असते. आपल्या गुडघ्याला लागणारं पाणी तिच्या कमरेला लागतं, हे आपण उभे असताना डोळ्यांना दिसत नाही. एकदा तिच्याशेजारी उकिडवं बसून समुद्राकडे पाहावं, मग दिसतं.

तेव्हा सुट्टीत काय सोडावं आणि काय धरून ठेवावं, याबद्दल माझं मत आता ठाम आहे. उठायची वेळ सोडा, अंघोळ दुपारी करा, पोळीभाजीऐवजी तीन दिवस आंबेच खा. सुट्टीतला अभ्यास तर खुशाल सोडा. तो जूनमध्ये शेवटच्या दोन रात्री आईच करते हे शाळेलाही ठाऊक असतं. पण हातातून हातात द्यायची पद्धत सोडू नका. आम्ही आता तोंडानं बोलतो. ‘‘ताई, धाकटी तुझ्याकडे. मी चहा घेऊन येते.’’ ती ‘हो’ म्हणाल्याशिवाय मी जागची हलत नाही. मान डोलावलेली चालत नाही, मोबाइलमध्ये बघत म्हटलेलं ‘हो’ही चालत नाही. भावजींना हे सुरुवातीला फार सरकारी वाटलं. वाटो. थोरलीच्या हवाली धाकटीला करायचं नाही, हेही ठरलंय. तीही मूलच आहे, आणि उद्या काही झालं तर ते ओझं तिनं जन्मभर वाहायचं का?

पाण्यात हा नियम आणखी कडक. बुडणारं मूल सिनेमातल्यासारखं हात हलवून ओरडत नाही. तोंड पाण्याच्या पातळीवर आलं की श्वासच पुरत नाही, हाक कुठून मारणार! मिनिटभरात सगळं होऊन जातं, आणि दहा फुटांवर आपण फोटो काढत असतो. म्हणून पाण्यातल्या मुलीपासून मोठ्या माणसाचं अंतर हात पुरेल एवढंच. हवा भरलेली रंगीत ट्यूब समुद्रात देऊ नये. सकाळी लवकर वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत असतो, भूगोलात ज्यांना मतलई वारे म्हणतात तेच. ट्यूब त्या वाऱ्यावर बघता बघता आत जाते आणि मुलीला ते जत्रेतल्या पाळण्यासारखं मजेचं वाटतं. लाटा दोन्हीकडे फुटताहेत आणि मधेच एक पट्टा शांत, थोडा गढूळ दिसतोय, तर ती जागा पोरांसाठी बरी असं समजू नका. किनाऱ्यावर आलेलं पाणी तिथूनच परत आत जातं, ओढ तिथेच असते. त्यात सापडलं तर किनाऱ्याच्या दिशेनं झगडायचं नाही, आडवं सरकत ओढीबाहेर पडायचं. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला गेलेले कॉलेजचे डझनाहून जास्त विद्यार्थी गेले. ती तर चांगली वाढलेली मुलं होती. हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणा मार्गावरही भरतीच्या वेळी लाटेनं माणसं ओढून नेली आहेत, आणि तिथे तर कोणी पोहायलाही उतरलेलं नसतं.

कपड्यांचं एक सांगते. निळे-आकाशी पोहण्याचे कपडे दुकानात गोड दिसतात, पाण्यात दिसतच नाहीत. भडक नारिंगी, नाहीतर झगझगीत पिवळे घ्या. सकाळी निघताना दोघींचा उभा फोटो काढते, त्या दिवशीच्या कपड्यांत. शोधायची वेळ आली तर ‘फ्रॉक कुठला होता’ इथूनच घरात मतभेद सुरू होतात. धाकटीच्या मनगटाच्या आतल्या बाजूला बॉलपेननं फोन नंबर लिहिते. आईचं नाव विचारलं तर लहान मुलं ‘आई’ असंच सांगतात, म्हणून माझं आणि बाबांचं पूर्ण नाव तिच्याकडून घोकून घेतलंय. हरवल्यावर काय करायचं, तर तिथेच उभं राहायचं आणि जिच्याबरोबर लहान मूल आहे अशा बाईला सांगायचं. सगळ्यांसाठीचा ११२ आणि मुलांसाठीचा १०९८ हे दोन नंबर थोरलीला पाठ आहेत.

प्रवासाचं थोडक्यात. खंडाळ्याच्या घाटात धाकटीला गाडी लागते. मोबाइल दिला की जास्तच लागते, कारण डोळे स्थिर आणि शरीर वळणावर हलत असतं. तिला खिडकीतून लांबचं बघायला लावायचं, पोट अगदी भरलेलं नको आणि रिकामंही नको. नातेवाईक वाढले की पोरी कोणाच्या तरी मांडीवर जातात, ते मात्र आम्ही बंद केलं. चौदा वर्षांखालच्या मुलांना पट्टा किंवा त्यांच्यासाठीचं आसन हवं, असं २०१९च्या दुरुस्तीपासून कायदाच सांगतो. आणि करकचून ब्रेक लागला तर मांडीवरचं मूल आपल्या हातात राहत नाही, आपली ताकद कितीही असो.

मुलींच्या आयांना एक गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण ती सहलीच्या यादीत कधीच नसते. मुली बाहेर लघवी रोखून धरतात. स्वच्छतागृह घाण असतं, दाराला कडी नसते, मग त्या पाणीच कमी पितात. आमच्या थोरलीला सुट्टीतल्या प्रवासानंतर जळजळ सुरू झाली, डॉक्टरांनी लघवीचा संसर्ग सांगितला आणि मग खोदून विचारल्यावर कळलं की शाळेतही ती दिवसभर जात नाही. सहलीमुळे शाळेतलं कळलं. आता गाडी थांबली की ‘लागलीय का’ असं विचारत नाही, ‘चला’ म्हणते आणि बरोबर जाते. ओले पोहण्याचे कपडे घालून तासन् तास बसू देत नाही. आणि शाळा सुरू झाल्यावर बाईंना सरळ विचारलं, कडी आहे का, पाणी असतं का, तासाच्या मधे सोडता का. बाईंनी दुसऱ्याच आठवड्यात वर्गातल्या मुलींसाठी वेळ ठरवून दिली. विचारायला इतकी वर्षं का लागावीत, कोण जाणे.

जूनमध्ये साखळी पुन्हा जोडायची असते, आणि तिथेही गृहीत धरायचं नाही. विदर्भ सोडला तर शाळा जूनच्या मध्याला उघडतात. त्याच्या आठवडाभर आधीपासून आम्ही पोरींची झोप रोज थोडी थोडी अलीकडे आणतो. व्हॅन तीच असली तरी चालक बदललेला असू शकतो. राज्यात २०११पासून स्कूलबससाठी वेगळे नियम आहेत, मुली असतील तिथे महिला मदतनीस असायला हवी. ती आहे का आणि शेवटची मुलगी उतरेपर्यंत गाडीत असते का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसरा जास्त महत्त्वाचा.

घरच्यांपैकी दुसरं कोणी आणायला जाणार असेल तर परवलीचा शब्द ठेवलाय. शब्द मुलींनीच निवडायचा, आमच्याशिवाय कोणाला सांगायचा नाही. गेल्या पावसात मी अडकले म्हणून भावजींना पाठवलं आणि शब्द कळवायचा राहिला. धाकटी फाटकाच्या आत उभी राहून म्हणाली, ‘‘शब्द सांगा.’’ त्यांनी आधी समजावलं, मग खिशातलं चॉकलेट काढलं. चॉकलेट पाहिल्यावर ती वॉचमनकाकांच्या मागे जाऊन उभी राहिली. वॉचमननं भावजींना ओळखपत्र मागितलं, बाईंना बोलावलं, बाईंनी मला फोन केला. मी फोनवर ‘वरणफळं’ असं म्हटल्यावर ती बाहेर आली. भावजी आठवडाभर धुसफुसत होते. पुढच्या वेळी मात्र निघायच्या आधी त्यांनी स्वतःहून फोन करून शब्द विचारला. तोवर तिनं तो बदललेला होता.