वऱ्हाडी उन्हातले तीन छोटे कॅमेरे

मी कारंज्याचा. बारा वर्षं रोज एसटीनं मानोऱ्याला जा-ये केली. त्या काळात पिशवीत डब्याशेजारी रोलचा एक कॅमेरा कायम असायचा. आधी याशिका एमएफ-२, मग ऑलिंपस ट्रिप ३५, मधली तीन वर्षं ऑलिंपस एक्सए. तिन्ही वापरलेले घेतले. आता गावातली तरुण पोरं पुन्हा रोल शोधत येतात आणि ‘काका, कोणता घेऊ?’ म्हणून विचारतात. त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

१. सेल कुठं मिळतो ते आधी बघा.
एक्सए १९७९ चा. इतका लहान की सदऱ्याच्या खिशात मावतो, झाकण सरकवलं की तयार. पण त्याचा शटर बटण-सेलवर चालतो. एकदा मानोऱ्याच्या बाजारात सेल संपले, घड्याळवाल्याचं दुकान बंद होतं, आणि दिवसभर कॅमेरा नुसता बाळगला. ट्रिपला सेलच लागत नाही. लेन्सभोवती मधमाशीच्या पोळ्यासारखी जी काच दिसते, तिच्यामागं सेलेनियमचा पट्टा असतो. पडणाऱ्या उजेडावरच त्याचा मीटर चालतो. १९६७ ते १९८४ हा कॅमेरा बनत होता, आणि माझा अजून चालतो.

२. आरशांपुढं फ्लॅश लावू नका.
पोहरादेवीला रामनवमीची यात्रा भरते. बंजारा बायांच्या फेटिया-कांचळीवर आरसे, कवड्या, चांदी. पहिल्या वर्षी मी एमएफ-२ नेला. संध्याकाळ झाली म्हणून फ्लॅश उघडला आणि अख्खा रोल त्याच्या भरवशावर काढला. धुऊन आला तेव्हा प्रत्येक फोटोत आरशांच्या जागी पांढरे ठिपके, चेहरे चुन्यासारखे, मागं काळोख. एका म्हाताऱ्या याडीला (बंजारा बोलीत आई) मी फोटो आणून देईन म्हणालो होतो. तो फोटो देण्यासारखा नव्हता आणि पुढच्या वर्षी ती भेटली नाही. त्यानंतर यात्रेला मी दिवस मावळायच्या आधी तासभर पोचतो, तिरप्या उन्हात उभा राहतो आणि फ्लॅशला हात लावत नाही. लग्नाच्या मांडवात, चार माणसं एका ओळीत उभी असताना, एमएफ-२ चा फ्लॅश चांगलं काम देतो. एवढं श्रेय त्याला द्यायलाच हवं.

३. अंतर पावलांनी मोजा.
एमएफ-२ ला फोकस नाहीच. हातभर अंतरावरचा चेहरा मऊ येतो. ट्रिपवर चार खुणा आहेत: एक मीटर, दीड मीटर, तीन मीटर आणि डोंगर. मी चारशे आयएसओचा रोल घालतो. भर उन्हात लेन्सचं छिद्र इतकं लहान होतं की खूण तीन मीटरवर ठेवली तर दीड-दोन मीटरपासून लांबच्या कडुनिंबापर्यंत सगळं स्वच्छ येतं. मग कॅमेरा डोळ्याला लावला की खटका दाबायचा, बस. कारंज्याच्या दिल्ली वेशीपाशी सकाळी ये-जा असते, तिथं एवढाच वेळ मिळतो. सावलीत मात्र हा हिशेब चुकतो. तिथं दोन पावलं मोजून खूण बदला.

४. पांढरी टोपी मीटरला फसवते.
आपल्याकडचा शेतकरी म्हणजे उन्हानं रापलेला चेहरा, पांढरी टोपी, पांढरं धोतर, मागं मोकळं आभाळ. मीटर त्या पांढऱ्याला भुलतो आणि चेहरा काळा करतो. मी ट्रिपची आयएसओची चकती चारशेच्या रोलला दोनशेवर ठेवतो, म्हणजे दुप्पट उजेड मिळतो. रंगीत निगेटिव्ह तेवढा जास्तीचा उजेड सहज सोसतो, आणि टोपीखालचे डोळे दिसतात. माणसाचा फोटो काढून त्याचे डोळेच दिसले नाहीत तर त्याला काय दाखवायचं?

५. रोल डिक्कीत ठेवू नका.
मे महिन्यात गाडीची डिक्की म्हणजे भट्टी. सोयाबीनचं बियाणं आपण जसं सांभाळतो तसा रोल सांभाळा. फ्रिजमध्ये ठेवला असेल तर बाहेर काढल्यावर तास-दोन तास डबी उघडू नका, नाहीतर फिल्मवर दव धरतं. घरी ब्लॅक अँड व्हाइट धुणाऱ्यांनी बर्फ आणून ठेवावा. डेव्हलपर २० अंशांवर हवा आणि उन्हाळ्यात टाकीतून येणारं पाणी त्याच्या कितीतरी वर असतं.

६. पावसाळ्यात कातडी कव्हर काढून टाका. लेन्सला बुरशी लागते ती बहुधा त्यातूनच.

७. घेताना बघायचं ते.
ट्रिप ‘ए’ वर ठेवा, सेलेनियमची काच तळहातानं झाका आणि खटका दाबा. खिडकीत लाल जीभ वर आली पाहिजे आणि खटका अडला पाहिजे. उजेडाकडं वळवल्यावर तो सुटला पाहिजे. मागच्या दाराच्या खाचेतला काळा स्पंज बहुधा चिकट झालेला असतो. तो खरवडून काळ्या लोकरीचा धागा बसवला की उजेड आत शिरत नाही.

८. एकच घ्यायचा तर ट्रिप.
दिवेलागणीला चहाच्या हॉटेलात एक्सए सरस आहे हे मला मान्य आहे. ट्रिप तिथं लाल जीभ दाखवून अडून बसतो. पण आपला दिवस उन्हात जातो आणि उन्हात ट्रिपनं मला कधी रिकाम्या हातानं परत पाठवलं नाही.

शेवटी एक विनंती. पुष्कळ घरांत माळ्यावर वडलांचा, मामांचा कॅमेरा पडून असतो. तो सापडला तर मागचं दार लगेच उघडू नका. आधी रोल गुंडाळायची किल्ली बाणाच्या दिशेनं हलक्या हातानं फिरवून बघा. ती अडली तर आत रोल आहे. खालचं बटण दाबून तो पूर्ण गुंडाळून घ्या आणि धुवायला पाठवा.