डोंगरावरचा निरोप्या

(बिनतारी संदेश दूरवर कसा जातो, तो नेणारे यंत्र भरवशाचे कसे करतात आणि त्याची वीज कशी वाचवतात, याची माहिती या पाठात दिली आहे.)

मुलांनो, शाळेच्या क्रीडास्पर्धेत मैदान मोठे असले, की एका टोकाचा आवाज दुसऱ्या टोकाला पोहोचत नाही. अशा वेळी मध्यभागी एक विद्यार्थी उभा करतात. तो शिक्षकांची सूचना ऐकतो आणि तीच मोठ्याने पुढे सांगतो. बिनतारी संदेशाच्या जगातही असा एक निरोप्या असतो. त्याला 'रिपीटर' म्हणतात.

हातात मावणाऱ्या बिनतारी यंत्राची शक्ती थोडी असते. त्याच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. वाटेत डोंगर आला, की त्या अडतात. म्हणून रिपीटर उंच जागी बसवतात. तो क्षीण झालेल्या लहरी पकडतो, त्यांना बळ देतो आणि पुढे पाठवतो. पण स्वतः मोठ्याने ओरडत असताना दुसऱ्याची कुजबूज कशी ऐकू येणार? म्हणून रिपीटर एका वारंवारतेवर ऐकतो आणि दुसऱ्या वारंवारतेवर बोलतो.

परीक्षा देऊन परवाना मिळवणारे हौशी लोक असे रिपीटर वापरतात. त्यांना नेमून दिलेल्या वारंवारता कोणा एकाच्या मालकीच्या नसतात. सार्वजनिक विहिरीप्रमाणे त्या सर्वांच्या असतात. दोघे एकाच वेळी बोलले, तर दोघांचेही बोलणे बिघडते. म्हणून पहिला नियम असा : आधी ऐका, मग बोला.

संगणकांनाही हा प्रश्न सोडवावा लागला. हवाई बेटांवर १९७१ मध्ये 'अलोहा' नावाचे बिनतारी जाळे सुरू झाले. अनेक केंद्रे एकाच वारंवारतेवर संदेश पाठवत. दोन संदेश एकमेकांवर आदळले, की दोन्ही वाया जात. मग प्रत्येक केंद्र थोडा वेळ थांबून पुन्हा प्रयत्न करी. हा वेळ प्रत्येकाचा वेगळा असे. का बरे? दोघे सारखाच वेळ थांबले, तर संदेश पुन्हा आदळतील!

रिपीटर भरवशाचा व्हावा म्हणून आणखी दोन युक्त्या करतात. बोलणाऱ्याच्या आवाजाबरोबर एक बारीक, ठरावीक सूर पाठवतात. ही खूण पटली, तरच रिपीटर बोलू लागतो. त्यामुळे भलत्या खरखरीने तो जागा होत नाही. दुसरी युक्ती घड्याळाची. कोणाच्या यंत्राचे बटण चुकून दाबलेले राहिले, तर ठरलेल्या वेळेनंतर रिपीटर आपोआप गप्प होतो. या दोन्ही युक्त्यांनी वीजही वाचते.

आता विजेचा हिशोब पाहू. समजा, डोंगरावर १२ व्होल्टची, ४० अँपिअर-तासांची बॅटरी आहे. म्हणजे तिच्यात ४८० वॅट-तास वीज आहे. रिपीटरला बोलताना ६० वॅट आणि नुसते ऐकताना ६ वॅट लागतात. पावसाळ्यात तीन दिवस ऊन पडले नाही, तर सौरपट्टीचा उपयोग नाही. ७२ तास नुसते ऐकण्यातच ४३२ वॅट-तास संपतात. उरतात फक्त ४८. एवढ्या विजेत तीन दिवसांत मिळून तासभरही बोलणे होत नाही. पण ऐकण्याचा खर्च ३ वॅटवर आणला, तर सुमारे साडेचार तास बोलता येते. पाहिलेत ना? खर्च बोलण्यात जास्त वाटतो, परंतु बॅटरी रिकामी होते ती न थांबता ऐकण्याने. म्हणून कुशल तंत्रज्ञ आधी ऐकण्याचा खर्च कमी करतो.

आपल्या देशाने असा निरोप्या अंतराळातही पाठवला होता. ५ मे २००५ रोजी श्रीहरिकोटा येथून 'हॅमसॅट' हा उपग्रह सोडण्यात आला. त्याचे वजन होते अवघे ४२.५ किलोग्रॅम. त्यात निरोप पुढे पाठवणारी दोन यंत्रे होती, एक भारतात बनलेले आणि दुसरे नेदरलँड्समधील एका विद्यार्थ्याने बनवलेले. एका वेळी एकच चालू ठेवत. दोन वर्षांसाठी बनवलेला हा उपग्रह नऊ वर्षे चालला. २०१४ मध्ये त्याची सेवा थांबली, ती बॅटरी निकामी झाल्यामुळे.

२६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामी आली. अंदमान-निकोबारमध्ये दूरध्वनी बंद पडले. तेव्हा पोर्ट ब्लेअरमधील हौशी रेडिओचालकांनी लोकांची खुशाली त्यांच्या नातेवाइकांना कळवली. असा दिवस सांगून येत नाही. त्या दिवशी डोंगरावरच्या यंत्रात वीज उरलेली असावी लागते आणि बोलणाऱ्यांनी एकमेकांना वाट द्यावी लागते. वीज जपण्याचे काम तंत्रज्ञाचे. वाट देण्याचे काम मात्र आपल्या सर्वांचे आहे.

शब्दार्थ
निरोप्या – निरोप पोहोचवणारा, कासिद
क्षीण – कमजोर
कुजबूज – अगदी हळू बोलणे
खुशाली – सुखरूप असल्याची खबर
निकामी – बिघडलेले, उपयोगी न पडणारे

स्वाध्याय
१. रिपीटर दोन वेगवेगळ्या वारंवारता का वापरतो?
२. 'अलोहा' जाळ्यातील केंद्रे सारखाच वेळ का थांबत नसत?
३. ऐकण्याचा खर्च ४ वॅट असेल, तर ७२ तासांनंतर बॅटरीत किती वीज उरेल?
४. 'आधी ऐका, मग बोला' हा नियम वर्गात कसा उपयोगी पडेल? पाच वाक्ये लिहा.