वृद्धांचे कुपोषण व स्नायूंची झीज : घरच्या घरी कसे ओळखावे?

तथागतांच्या चरित्रातील उरुवेलेचा प्रसंग आपण सर्वांनी ऐकला आहे. सहा वर्षांच्या खडतर तपाने सिद्धार्थ गौतमांचे शरीर इतके खंगले, की पोटावर ठेवलेला हात पाठीच्या कण्याला लागे. देह क्षीण केल्याने ज्ञान मिळत नाही हे उमगताच त्यांनी तो मार्ग सोडला व सुजाताची खीर स्वीकारली. पुढे त्यांनी जगाला मध्यम मार्ग सांगितला.

हा प्रसंग आपण पौर्णिमेला श्रद्धेने ऐकतो. परंतु आपल्याच घरी, ओसरीवरच्या खाटेवर बसलेल्या आई-वडिलांचे शरीर असेच खंगत असेल, तर आपण काय म्हणतो? "वय झालं, आता असंच चालायचं." हे वाक्य पुष्कळदा चुकीचे असते, एवढेच आम्हास या पाठात सांगावयाचे आहे. झीज मोजता येते, आणि वेळेवर मोजली तर बरीचशी रोखता येते.

झीज म्हणजे काय?

वयोमानाने सर्वांचेच स्नायू हळूहळू कमी होतात. ही झीज मर्यादेबाहेर गेली की तिला वैद्यकशास्त्रात सार्कोपेनिया म्हणतात. हे नाव अमेरिकेतील आयर्विन रोझेनबर्ग यांनी १९८९ साली सुचविले. स्नायू केवळ चालण्यासाठी नसतात. आजारपणात शरीर आपल्याला लागणारी प्रथिने स्नायूंतूनच काढून घेते. तो आपला अडीअडचणीचा साठा आहे. हा साठा संपलेला माणूस साध्या तापातूनही लवकर उठत नाही. त्याचा तोल जातो, तो पडतो आणि खुब्याचे हाड मोडले की अंथरूण धरतो.

चार सोप्या तपासण्या

पहिली, वजन. सहा महिन्यांत प्रयत्न न करता वजन शेकडा ५ हून अधिक घटले, तर तो धोक्याचा इशारा समजावा. ५० किलोच्या माणसाचे अडीच किलो म्हणजे शेकडा ५. घरी काटा नसेल तर सैल झालेले पोलके, निसटणारी बांगडी, धोतराचा वाढलेला वेढा हेही सांगतात.

दुसरी, पोटरीचा घेर. केवळ वजनावर विसंबू नये. चरबी वाढली किंवा अंगावर सूज आली तर वजन तेवढेच राहते आणि आत स्नायू झिजत असतात. वृद्धास खुर्चीवर बसवून पाय जमिनीवर सपाट टेकवावेत. शिंप्याच्या टेपने पोटरीचा सर्वांत जाड भाग मोजावा. टेप अंगासरशी असावा, पण आवळू नये. दोन्ही पाय मोजावेत. आशियाई तज्ज्ञगटाने २०१९ साली सांगितल्याप्रमाणे पुरुषांत ३४ व स्त्रियांत ३३ सेंटिमीटरपेक्षा कमी घेर असल्यास पुढील तपासणी हवी. पायाला सूज असेल तर हे माप फसवे ठरते.

तिसरी, बोटांचे कडे. टेप नसल्यास जपानात वापरतात ती रीत करावी. वृद्धाने स्वतःच्या दोन्ही हातांचे अंगठे व तर्जनी जुळवून पोटरीभोवती कडे करावे. कडे पोटरीवर सैल पडून मध्ये फट राहिली, तर झिजेची शंका घ्यावी.

चौथी, खुर्चीची परीक्षा. हात छातीशी घडी करून, आधार न घेता पाच वेळा उठावे व बसावे. त्यास १२ सेकंद किंवा अधिक लागल्यास पायांची ताकद घटली आहे. ही परीक्षा घेताना शेजारी कोणीतरी उभे असावेच.

रोजच्या वागण्यातूनही हे कळते. डॉ. बाबासाहेबांच्या १९३७ च्या भेटीची आठवण म्हणून ३१ जुलैला धुळ्याजवळ लळिंगच्या लांडोर बंगल्यावर आपण जातो. दरवर्षी सर्वांबरोबर चालणारे आजोबा यंदा वाटेतच बसले, तर ते का बसले हे विचारावे.

खावे काय?

निरोगी वृद्धास दर किलो वजनामागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम प्रथिने लागतात, असे तज्ज्ञ सांगतात. म्हणजे ५० किलोच्या व्यक्तीस ५० ते ६० ग्रॅम. जळगावची केळी मऊ असतात, वृद्धांना आवडतात. पण १०० ग्रॅम केळ्यात प्रथिने सुमारे १ ग्रॅमच. चहा-पोळीवरही स्नायू तगत नाहीत. आपली कळण्याची भाकरी मात्र गुणाची आहे. ज्वारीत जे कमी, ते उडीद पुरवितो. तिच्याबरोबर वरण, फुणके, शेंगदाण्याचे कूट, दूध-दही, आणि जे खातात त्यांना अंडी अथवा मासळी द्यावी. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने असतात. दात नसल्यास भाकरी वरणात कुस्करून द्यावी. आहाराबरोबर रोज थोडे चालणे व खुर्चीवरून उठबस हवीच. हालचालीविना प्रथिने स्नायूंत बसत नाहीत.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच प्रथिने वाढवावीत. तसेच वजन घटण्यामागे क्षय, मधुमेह, कर्करोग किंवा मनाची उदासीही असू शकते. म्हणून घरगुती माप हे निदान नव्हे. ते दवाखान्यात जाण्याचे कारण आहे.

आपले कर्तव्य

बहुतेक घरांत आई सर्वांत शेवटी जेवते आणि आपल्या वाटचे दूध नातवाच्या पेल्यात ओतते. त्यात प्रेम आहे, हे आम्ही जाणतो. पण समतेचा धम्म मानणाऱ्या घरात आईचे ताट शेवटचे का असावे, याचा विचार आपणच करावयास हवा. आजारी भिक्खूला तथागतांनी आनंदासह स्वतः स्नान घातले होते. सेवेचा तो धडा आपल्या स्वयंपाकघरापर्यंत यावा.

विद्यार्थी मित्रांनो, येत्या पौर्णिमेस एक टेप व वही घेऊन विहारात या. साठीपुढील प्रत्येकाचे वजन व पोटरीचा घेर तारखेसह लिहा. दर तीन महिन्यांनी पुन्हा मोजा. आकडा खाली गेला तर त्या घरी जा आणि आजी-आजोबांना डॉक्टरांकडे न्या. आरंभ मात्र स्वतःच्या आजीपासून करा.

नमो बुद्धाय! जयभीम!