ब्राझीलचा इथेनॉल कार्यक्रम : इंधनटंचाईतील वेग आणि उसाचे शेत

१९७३ च्या अखेरीस अरब राष्ट्रांनी तेलाचा पुरवठा आवळला आणि कच्च्या तेलाचा भाव काही महिन्यांतच सुमारे चौपट झाला. त्या काळी ब्राझील आपल्या गरजेच्या जवळजवळ ८० टक्के तेल आयात करीत असे. त्यातच १९७४ च्या अखेरीस उच्चांक गाठलेला साखरेचा जागतिक भाव पुढील वर्षी कोसळला. तेल महाग आणि साखर स्वस्त, अशा कोंडीत १४ नोव्हेंबर १९७५ रोजी 'प्रोआल्कोल' हा राष्ट्रीय कार्यक्रम जाहीर झाला.

१९७५ च्या सुमारास तेथे वर्षाला साधारण ६० कोटी लिटर इथेनॉल तयार होत असे. दहा वर्षांत हे उत्पादन १,१०० कोटी लिटरांच्या पुढे गेले. हा वेग जादूचा नव्हता. ऊस होता, कारखाने होते आणि पेट्रोलमध्ये अल्कोहोल मिसळण्याची प्रथा १९३१ पासून होती. म्हणून पहिल्या टप्प्यात साखर कारखान्यांना आसवन्या जोडून निर्जल इथेनॉल तयार केले गेले व ते पेट्रोलमध्ये मिसळले गेले. खरेदीची हमी आणि स्वस्त कर्ज ही शासनाची मुख्य साधने होती. उसाच्या जातींच्या सुधारणेसाठीचा 'प्लानाल्सुकार' हा कार्यक्रमही १९७१ मध्ये, म्हणजे संकटापूर्वीच, सुरू झालेला होता. नवी जात प्रयोगशाळेतून शेतात यायला दहाएक वर्षे लागतात. टंचाई आल्यावर ते काम हाती घेऊन उपयोग झाला नसता.

१९७९ च्या दुसऱ्या तेलसंकटानंतर केवळ इथेनॉलवर चालणाऱ्या मोटारी बाजारात आल्या. १९८० च्या दशकाच्या मध्यास विकल्या जाणाऱ्या दहा नव्या मोटारींपैकी नऊ अशा होत्या. खरी अडचण येथेच दडलेली होती. कारखान्याला साखर की इथेनॉल ही निवड खुली होती. मोटारमालकाला मात्र एकच इंधन चालत होते. १९८६ मध्ये तेलाचा भाव कोसळला, सरकारचा हात आखडला, पुढे साखर अधिक किफायतशीर ठरली आणि १९८९ च्या अखेरीस पंपांवर इथेनॉल मिळेनासे झाले. ग्राहकांचा विश्वास उडाला आणि या मोटारींची मागणी नंतरच्या काही वर्षांत जवळजवळ संपली. तो विश्वास परत मिळाला २००३ मध्ये, दोन्ही इंधनांच्या कोणत्याही मिश्रणावर चालणारी मोटार आली तेव्हा.

आपल्याकडेही पावसाने ओढ दिल्यानंतर डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर केंद्र शासनाला निर्बंध घालावे लागले, हे वाचकांना आठवत असेल. एका पिकाला दोन बाजारपेठा असल्या की ओढाताण अटळ असते.

विस्तार कार्यकर्त्यांच्या दृष्टीने मात्र या इतिहासातील सर्वांत उपयुक्त भाग आसवनीच्या मागच्या दारी घडला. एक लिटर इथेनॉलमागे साधारण १० ते १५ लिटर स्पेंटवॉश निघतो. उत्पादन वीसपट वाढल्यावर हे पाणीही त्याच प्रमाणात वाढले आणि साओ पावलो राज्यातील नद्यांत जाऊन मासे मरू लागले. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस ते नदीत सोडण्यास मनाई झाली. तेव्हा कारखान्यांनी ते उसालाच देण्यास प्रारंभ केला. स्पेंटवॉशमध्ये पालाश भरपूर असतो; त्यामुळे पालाशयुक्त खताचा खर्च वाचला व उत्पादनही सुधारले. परंतु पाणी दूर वाहून नेणे महाग, म्हणून आसवनीलगतच्या शेतांत ते वर्षानुवर्षे प्रमाणाबाहेर पडत राहिले. परिणामी क्षार साचण्याचा आणि भूजल दूषित होण्याचा धोका निर्माण झाला. मातीची धनायन विनिमय क्षमता व तिच्यातील पालाश तपासूनच मात्रा ठरवावी, हा नियम साओ पावलो राज्याने बऱ्याच काळानंतर केला.

आपल्या देशात आसवन्यांना सांडपाणी बाहेर न सोडण्याचे बंधन आहे. अनेक ठिकाणी स्पेंटवॉश आटवून बॉयलरमध्ये जाळतात आणि त्या राखेपासून मळीजन्य पालाश खत तयार होते. या खतात किमान १४.५ टक्के पालाश असावा लागतो आणि त्यास अनुदानही मिळते. आपल्या परिसरात नवी आसवनी उभी राहत असेल, तर सभोवतालच्या शेतांतील मातीचा पालाश, विद्युत वाहकता आणि विहिरींचे पाणी यांच्या नोंदी पहिल्या गाळप हंगामाच्या आधी करून ठेवाव्यात; नंतर तुलनेसाठी आधार उरत नाही.