राखणीच्या कुत्र्याची लघवी काळपट तांबडी झाली तर



ग्वाल्हेर भागात मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. अशा दिवसांत उन्हाळी मुगात रोही शिरले, की राखणीचा कुत्रा त्यांच्यामागे जीव तोडून धावतो. परतल्यावर त्याचे मागचे पाय ताठले, कंबरेला वा मांड्यांना हात लावताच तो कण्हू लागला, तर ‘दमला असेल’ म्हणून सोडून देऊ नये. पुढे लघवी काळ्या चहासारखी झाली, तर धोका मूत्रपिंडापर्यंत पोचला असे समजावे.

हे का होते?
अतिश्रमाने व उष्णतेने स्नायूंच्या पेशी फुटतात. त्यांतील मायोग्लोबिन हा तांबडा पदार्थ रक्तातून मूत्रपिंडात येतो आणि तेथील बारीक नळ्या तुंबतात. अंगातले पाणी आटलेले असेल तर हानी अधिक होते. माणसांतही असे घडते. लंडनवरील बॉम्बहल्ल्यांत ढिगाऱ्याखाली चिरडलेली माणसे जिवंत काढली, तरी काही दिवसांत मूत्रपिंडे निकामी होऊन दगावली, असे बायवॉटर्स व बील या डॉक्टरांनी १९४१ साली नोंदवले.

काय करावे?
१. कुत्र्याला चालवू नका. उचलून सावलीत न्या.
२. अंगावर साधे पाणी ओता व वारा घाला.
३. शुद्धीवर असेल तर थोडे थोडे पाणी पिऊ द्या. घशात ओतू नका.
४. माणसांच्या दुखण्यावरच्या गोळ्या देऊ नका. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांनी मूत्रपिंड आणखी बिघडते.
५. त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्या. शिरेतून सलाइन देणे हा मुख्य उपचार आहे. उशीर झाला तर त्याचा गुण कमी येतो.

गोचिडांमुळे येणाऱ्या तापातही लघवी तांबडी होते. म्हणून घरी अंदाज न बांधता रक्त व लघवी तपासून घ्यावी. कुत्रा पुन्हा चालू लागला तरी दोन-तीन दिवस लक्ष ठेवा. लघवी कमी झाली, उलट्या होऊ लागल्या किंवा खाणे सुटले, तर लगेच पुन्हा दाखवा.

आधीची काळजी
ग्वाल्हेरजवळ टेकनपूर येथे सीमा सुरक्षा दलाचे श्वान प्रशिक्षण केंद्र १९७० पासून आहे. कामाच्या कुत्र्याची मेहनत हळूहळू वाढवावी लागते. आपल्या शेतावरच्या कुत्र्यालाही हाच नियम लागू आहे. एरवी साखळीला बांधलेल्या कुत्र्याला एकदम भर उन्हात पळवू नका, मोटारसायकलमागे धावू देऊ नका. राखणीला त्याला पहाटे व सांजवेळी सोडा. बांधावर सावलीत पाण्याचे भांडे रोज भरून ठेवा.