गाडी आधी आली, अर्थिंग नंतर

२०२४ च्या गुढीपाडव्याला नाशिकच्या इंदिरानगरातल्या एका जुन्या अपार्टमेंटमध्ये विजेवर चालणारी छोटी गाडी आली. हार, नारळ, पेढे, चाकाखाली लिंबं, सगळं यथासांग झालं. संध्याकाळी मालकाने मोठ्या ऐटीत पार्किंगमधल्या बोर्डात चार्जर खोचला. चार्जरवर लाल दिवा लागला. काढून पुन्हा लावला, पुन्हा लाल. पहिल्या मजल्यावरून वाकून बघणाऱ्या शेजाऱ्याने विचारलं, "काय हो, पेट्रोल संपलं का?"

हे मालक म्हणजे प्रस्तुत लेखक. स्वतःची फजिती तृतीयपुरुषी सांगितली की जरा कमी बोचते, म्हणून ही सोय. गाडीचं नाव मात्र तो सांगणार नाही, कारण पुढे जे काही घडलं त्यात गाडीचा दोष नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी वायरमन आला. त्याने मल्टिमीटरच्या दोन सळ्या सॉकेटच्या भोकांत घातल्या. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० व्होल्ट, ठीक. फेज आणि अर्थिंगमध्येही साधारण तेवढेच यायला हवेत. तिथे आकडा नव्वदीच्या आसपास घुटमळत राहिला. "काका, वायर आहे, पण ती खाली कुठे जोडलेलीच नाही," तो म्हणाला. तीस वर्षं त्या इमारतीत फ्रिज चालले, गीझर चालले, पाण्याची मोटर चालली. त्यांनी कधी विचारलं नाही. गाडीचा चार्जर मात्र वीज आत घेण्याआधी अर्थिंग तपासतो. ते नसेल तर तो कामच सुरू करत नाही, आणि त्याचं बरोबर आहे.

मग सोसायटीची परवानगी. सेक्रेटरींचा मुद्दा ठरलेला: "आज तुम्हाला दिलं, उद्या सगळे मागतील." (मागू देत की. पार्किंगमध्ये एकदाच नीट काम झालं तर सगळ्यांचंच भलं.) आपल्या मीटरवरून आपली गाडी चार्ज करायला वेगळा परवाना लागत नाही, हे केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने २०१८ मध्येच स्पष्ट केलं आहे. पण तो कागद सभेत वाचून दाखवेपर्यंत दोन आठवडे गेले. तोवर गाडी रोज रात्री अंबडला, मेहुण्याच्या वर्कशॉपमध्ये मुक्कामाला. अखेर जिन्यामागे खड्डा खणला. तांब्याची प्लेट, तिच्याभोवती कोळसा आणि मीठ, वरून बादलीभर पाणी. दिवा हिरवा झाला.

तरी अजून एक धडा बाकी होता. महिनाभराने प्लग उपसताना हाताला चटका बसला. पिनटॉपची एक बाजू करपून तपकिरी झाली होती, मधली पट्टी वितळलेल्या गुळासारखी. कारण साधं होतं. छोट्या गाडीचा ३.३ किलोवॅटचा चार्जर १४-१५ अँपिअर वीज सलग सात-आठ तास ओढतो. गीझरही तेवढीच ओढतो, पण पाव तास. वर्षानुवर्षं ढिल्या झालेल्या सॉकेटला पाव तास झेपतो, रात्रभर झेपत नाही. म्हणून मीटरपासून गाडीपर्यंत स्वतंत्र, किमान चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, नवं औद्योगिक सॉकेट, वेगळा एमसीबी आणि आरसीसीबी बसवावा. गाडीच्या किमतीपुढे हा खर्च चिल्लर आहे. एक्स्टेन्शन बोर्ड तर नावालाही वापरू नये.

नाशिकला गाड्यांचं वेड नवं नाही. डिझेल इंजिनाचे भाग बनवणाऱ्या कारखान्याच्या नावाने इथे चौक आहे, मायको सर्कल. सातपूरला महिंद्राची व्हेरिटो तयार व्हायची. तिचा विजेवरचा अवतार २०१६ मध्ये बाजारात आला, पण तो घराघरांत पोचला नाही. त्याआधी बंगळुरूची रेव्हा २००१ पासून रस्त्यावर होती, कौतुकाची आणि थट्टेचीही. घरच्या माणसाने पहिली गाडी म्हणून विजेची घ्यावी, असा काळ आला तो २०२२ च्या सप्टेंबरात. टाटांनी टियागो ईव्ही ८ लाख ४९ हजारांपासून आणली, १९.२ आणि २४ युनिटच्या दोन बॅटऱ्यांसह. २०२३ च्या एप्रिलमध्ये एमजीची कॉमेट ७ लाख ९८ हजारांना आली. १७.३ युनिटची बॅटरी, लांबी तीन मीटरलाही किंचित कमी, दारं दोन आणि माणसं चार. त्याच वर्षी सिट्रोएनची ई-सी३ आली, २९.२ युनिटची. २०२४ च्या जानेवारीत टाटांचीच पंच ईव्ही, ११ लाखांच्या आतून सुरू होणारी, २५ आणि ३५ युनिटची.

यातली कुठली घ्यावी, हा प्रश्न प्रस्तुत लेखकाला आता आठवड्यातून एकदा तरी विचारला जातो. तो उलट विचारतो: तुमचा महिन्यातला सगळ्यात लांबचा, पण ठरलेला रस्ता कोणता? रोजचा नव्हे. रोज तर कॉलेज रोड ते द्वारका कुठलीही गाडी जाते. सराफ बाजार, भद्रकालीच्या गल्ल्यांत तर कॉमेट वळते तशी दुसरी कुठलीच वळत नाही. पण मागचं सीट न पाडता तिच्यात त्र्यंबकेश्वरला जायचं सामान ठेवून दाखवावं. ज्यांच्याकडे एक पेट्रोलची गाडी आधीच आहे आणि दुसरी केवळ गावात फिरायला हवी, त्यांनी कॉमेटकडे जरूर बघावं. गाडी एकच असणार असेल तर टियागोची २४ ची बॅटरी किंवा पंच. १९.२ ची स्वस्त पडते म्हणून घेणाऱ्यांना लेखक हात जोडतो. त्यामागे घोटीचा एक हॉटेलवाला आहे.

झालं असं. गाडी आली त्याच वर्षीच्या मे महिन्यात ठाण्याहून चौघं जण परत येत होते. गाडी शंभर टक्के भरलेली, कागदावरची रेंज अडीचशेच्या आतबाहेर, आणि ठाणे ते नाशिक सुमारे दीडशे किलोमीटर. हिशेब सरळ. एसी जोरात, काटा नव्वद-शंभरवर. शहापूर मागे पडलं तेव्हाच बॅटरीचे टक्के किलोमीटरपेक्षा वेगाने उतरताना दिसू लागले. बायकोने तीनदा विचारलं, "अहो, पुरेल ना?" पहिल्या दोन वेळा लेखक हो म्हणाला. कसारा घाट चढून इगतपुरीला आले तेव्हा उरले १६ टक्के. ॲपमध्ये हिरवा दिसणारा चार्जर प्रत्यक्षात बंद, स्क्रीन काळी. एसी बंद करून, काचा खाली करून, ट्रकच्या मागे चाळिशीत रांगत घोटी गाठली. एका हॉटेलच्या मालकाने स्वयंपाकघरामागचा वाटणयंत्राचा प्लग काढून दिला. त्याच्याकडे अर्थिंग होतं! तीन तास, तीन प्लेट मिसळ, नऊएक युनिट. पैसे घ्यायला तो तयार नव्हता. "मिसळीचे दिले की," म्हणाला.

घरी सगळ्यांनी घाटाला दोष दिला. लेखकानेही दिला असता, पण रात्री झोप येईना म्हणून त्याने कागद घेतला. माणसं धरून गाडीचं वजन दीड टन. समुद्रसपाटीपासून इगतपुरीपर्यंत चढाई सहाशे मीटर. एवढं वजन एवढं उंच न्यायला लागतात अडीच युनिट, मोटरची तूट धरून पावणेतीन. म्हणजे अख्खा सह्याद्री चढायला वीस युनिटच्या बॅटरीतला सातवा हिस्सा. बाकीची वीज गेली कुठे? वाऱ्यात. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. साठवरून नव्वदवर गेलं की तो सव्वादोनपट होतो. कागदावरची रेंज ज्या चाचणीतून येते तिच्यात बहुतेक वेळ शहरी वेग असतो आणि एसी नसतो. लेखकाचा आताचा ढोबळ आडाखा असा: कंपनीच्या आकड्याचे गावात सत्तर टक्के धरा, हायवेला पंचावन्न. मुंबईला जाताना याहून बरं मिळतं, उतार असतो. येताना तेच व्याजासह वसूल होतं.

समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा २०२५ च्या जूनमध्ये खुला झाला आणि मोह आणखी वाढला. राज्याच्या २०२५ च्या धोरणात समृद्धी, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि अटल सेतूवर इलेक्ट्रिक गाड्यांना टोलमाफी आहे. टोल वाचतो म्हणून माणूस त्या रस्त्याला लागतो आणि एकशे वीसने हाकतो. छोट्या बॅटरीच्या गाडीने हे करू नये. ऐंशीला गाडी बांधून ठेवावी, डाव्या लेनमधून जावं, आणि ॲपवर एक नव्हे, दोन चार्जर हेरून ठेवावेत.

पैशांचं म्हणाल तर हिशेब महिन्याला किती किलोमीटर यावर आहे. हजार किलोमीटरला चार्जिंगमधली गळती धरून १४० युनिट लागतात. युनिटला बारा रुपये धरले तर सतराशेच्या आत. तेवढ्याच अंतराला छोटी पेट्रोल गाडी ५५ लिटर पिते, म्हणजे साडेपाच हजारांच्या पुढे. पण महावितरणचे टप्पे विसरू नका. घरचा वापर आधीच अडीचशे युनिट असेल तर गाडी तुम्हाला तीनशेच्या वरच्या महाग टप्प्यात नेऊन ठेवते. गाडीसाठी वेगळं मीटर मिळतं, त्याची चौकशी करावी. महिन्याला चारशे-पाचशेच किलोमीटर होत असतील तर पेट्रोलची गाडीच बरी. २०२५ च्या सप्टेंबरात छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी अठरा टक्क्यांवर आल्यापासून दोन्हींच्या किमतीतलं अंतर आणखी रुंदावलं आहे.

बॅटरी भाड्याने घेण्याच्या योजनेचंही तसंच. २०२४ च्या सप्टेंबरात कॉमेट ४ लाख ९९ हजारांना देऊ केली गेली, वर किलोमीटरला अडीच रुपये. तेव्हा बॅटरीसकट ती सात लाखांना मिळत होती. फरक दोन लाखांचा. अडीच रुपयांनी तो फिटायला ८० हजार किलोमीटर. फिरणं कमी असेल तर योजना गोड वाटते, पण दरमहा किमान किती किलोमीटरचे पैसे भरावे लागतात ते करारात आधी शोधावं.

आणि सुरक्षा. हा रकाना लोक रंगानंतर बघतात. भारत एनकॅपच्या धडक चाचणीत पंच ईव्हीला पाच तारे मिळाले. ग्लोबल एनकॅपने २०२४ मध्ये ई-सी३ ला मोठ्या माणसांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे दिले. ज्या प्रकारच्या गाडीची चाचणी झाली तीच आपण घेतोय का, नंतर एअरबॅगा वाढल्यात का, हे शोरूममध्ये लिहून मागावं.

गेल्या महिन्यात भाचीचा फोन आला. पाथर्डी फाट्याला राहते, नवऱ्याची नोकरी सिन्नरला. "मामा, शोरूमला येशील का सोबत?" मामा आधी त्यांच्या पार्किंगमध्ये गेला, बरोबर तोच वायरमन. त्याने सॉकेटमध्ये सळ्या घातल्या. फेज-न्यूट्रल २३४, फेज-अर्थ २३२. सॉकेट मात्र ढिलं; ते त्याने तिथल्या तिथे बदललं. सिन्नरची ये-जा साठ किलोमीटरच्या आतबाहेर, महिन्यातून एकदा सासरी पुण्याला. तेव्हा मोठी बॅटरी घ्यायची हे चहा येईपर्यंत ठरलं. त्यानंतर पांढरी की निळी यावर नवरा-बायकोत जे सुरू झालं ते मामा निघाला तरी चालूच होतं.