निधनवार्तांची फेरिस्त

मरणाची वार्ता घेऊन येणारे पोस्टकार्ड कोपरा फाडलेले असे, आणि असे कार्ड घरात ठेवू नये म्हणून ते वाचून होताच फाडून टाकण्याचा प्रघात आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या पाळला गेला. त्यामुळे ज्या कागदावर मयताचे नाव, गाव व तिथी घरच्याच माणसाच्या हातची असे, नेमका तोच कागद घराघरांच्या दप्तरांतून नाहीसा झाला. बारामती व इंदापूर या दोन तालुक्यांतील घराण्यांच्या वंशावळी जुळविण्याच्या खटाटोपात मी पडलो तेव्हा ही उणीव पदोपदी जाणवली. तिची थोडीबहुत भरपाई करणारे आणि सामान्य माणसाच्या आवाक्यातले साधन म्हणजे वृत्तपत्रांतील निधनवार्ता, दशक्रियेच्या सूचना व पुण्यस्मरणाच्या जाहिराती. त्यांची फेरिस्त करण्याचे काम जे कोणी हाती घेतील त्यांना उपयोगी पडावे म्हणून, या कामात जे पाहिले आणि सोसले ते सांगतो.

हे काम मजकडे आले ते एका वहीच्या रूपाने. एका निवृत्त गृहस्थांनी अनेक वर्षे खपून, रोजचे वर्तमानपत्र वाचता वाचता, आडनावांच्या अनुक्रमाने मयतांची यादी केली होती. अक्षर सुवाच्य, चिकाटी असामान्य. परंतु प्रत्येक नावापुढे केवळ गाव आणि वर्ष. वृत्तपत्र कोणते, अंक कोणत्या तारखेचा, पृष्ठ कोणते, याचा मागमूस नाही; आणि ज्या अंकांवरून यादी उतरली त्यांतले काही वाळवीने खाल्ले व उरलेले त्यांच्या पश्चात रद्दीत गेले. त्या यादीत इंदापूर तालुक्यातील दोन इसम, ज्यांचे स्वतःचे, वडिलांचे आणि घराण्याचे नाव एकच होते, एका नोंदीत मिसळले गेले होते, आणि मुंबईस स्थायिक झालेल्या एका कुटुंबाने ती नोंद प्रमाण मानून भलत्याच माणसाची तिथी आपल्या पणजोबांची म्हणून धरली. पुढे गावचे जुने कोतवाल बुक, म्हणजे महसुली दप्तरातील जन्ममृत्यूंचा गाव नमुना १४, उघडून रुजुवात घातली तेव्हा खुलासा झाला. परंतु इतकी वर्षे आपण परक्या माणसाचे श्राद्ध केले आणि आपला पितर उपाशी राहिला, हे ऐकून त्या घरातील वृद्ध आजींना जे दुःख झाले ते मी समोर बसून पाहिले आहे, आणि तेव्हापासून या कामाकडे फावल्या वेळचा छंद म्हणून पाहणे मला शक्य झालेले नाही.

म्हणून पहिला दंडक असा की, जेथे कात्रणाचे मूळ ठिकाण सांगता येत नाही ती नोंद फेरिस्तीत घेऊच नये. वृत्तपत्राचे नाव, अंकाची तारीख, पृष्ठ, स्तंभ आणि आवृत्ती, हे रकाने नावाच्याही आधी भरावेत. आवृत्तीचा रकाना पुष्कळांना अनावश्यक वाटतो, आणि तोच सर्वांत अधिक घात करतो. कारण पुण्याहून निघणारी दैनिके शहराची व जिल्ह्याची आवृत्ती निरनिराळी काढतात, आणि भिगवणच्या किंवा काटेवाडीच्या माणसाची निधनवार्ता जिल्ह्याच्या पानावर छापलेली असता, अभ्यासक मात्र पुण्याच्या ग्रंथालयात शहर आवृत्तीचा बांधीव खंड चाळून ‘नोंद आढळत नाही’ असा शेरा मारून परत येतो. कात्रणाचे छायाचित्र घेताना पानाच्या माथ्यावरील तारीख व आवृत्तीचे नाव त्यात आलेच पाहिजे. जुना वृत्तपत्री कागद पिवळा पडून ठिसूळ होतो. त्यास चिकटपट्टी लावू नये, थुंकीने बोट ओले करून पान उलटू नये, आणि जवळ शाईची लेखणी ठेवू नये.

तारखेविषयी विशेष सावधगिरी हवी. बातमीत ‘काल’ किंवा ‘मंगळवारी’ असे असते, आणि आडगावची बातमी तालुक्याच्या वार्ताहराकडून छापखान्यापर्यंत पोहोचण्यात दिवस गेलेले असतात. तेव्हा छापल्याची तारीख ही मृत्यूची तारीख नव्हे. दशक्रियेच्या सूचनेवरून मृत्यूचा दिवस मागे मोजता येतो खरा, परंतु पाहुण्यांच्या सोयीसाठी विधी एखादा दिवस अलीकडे घेण्याची रीत असल्यामुळे तो केवळ अंदाज होय आणि त्यापुढे ‘अनुमान’ असे लिहिले पाहिजे. पुण्यस्मरणाच्या जुन्या सूचनांत, किंवा घरच्या पोथीच्या मलपृष्ठावर, शक असतो, आणि तेथे अठ्ठ्याहत्तर मिळवून मोकळे होणारे फसतात: शके १८७० च्या श्रावणात वारलेला मनुष्य १९४८ साली वारला, परंतु त्याच शकाच्या माघात वारलेला १९४९ मध्ये, कारण इंग्रजी वर्ष पौषाच्या सुमारास पालटते आणि शक मात्र पाडव्यापर्यंत तोच चालतो. जंत्री जवळ असल्याखेरीज तिथीचे रूपांतर करू नये.

नावांचा गुंता याहून मोठा. आजोबांचे नाव नातवास ठेवण्याच्या चालीमुळे रामचंद्र बाबूराव व बाबूराव रामचंद्र यांची साखळी पिढ्यान्‌पिढ्या चालते. वतनदार घरातील एकच गृहस्थ एकदा मूळ आडनावाने आणि एकदा ‘पाटील’ म्हणून छापला जातो. आणि ज्याला सारे गाव ‘तात्या’ म्हणून ओळखत होते त्याचे पाळण्यातले नाव बातमीतच प्रथम वाचावयास मिळते. १९६२ च्या लेखननियमांपूर्वीच्या अंकांत ‘गांव’, ‘नांव’ असे अनुस्वार असल्याने अनुक्रमही बिघडतो. तेव्हा छापले असेल तसेच नाव एका रकान्यात आणि आपण ठरविलेले रूप दुसऱ्या रकान्यात असावे. आणि दोन नोंदी एकाच माणसाच्या आहेत असे गाव, वडील आणि आणखी एक स्वतंत्र पुरावा यांवरून सिद्ध होईपर्यंत त्या वेगळ्याच राहू द्याव्यात. ‘अमक्यांचे ते बंधू होत’ या वाक्यावरून सख्खा भाऊ समजू नये. आमच्या खेड्यांत चुलतभावालाही तेच म्हणतात.

गावांची तीच कथा. नीरा डाव्या कालव्याचे पाणी १८८५ च्या सुमारास खेळू लागल्यावर सासवडकडील माळी कुटुंबे उसासाठी बारामतीच्या बाजूस येऊन राहिली. वालचंदनगरच्या कारखान्याने ठिकठिकाणचे कामगार इंदापूर तालुक्यात आणले. आणि उजनीच्या जलाशयाखाली जुने पळसदेव गेले तरी गावाने नव्या जागी नाव तेच राखले. ‘राहणार’ आणि ‘मूळ गाव’ हे रकाने यासाठी वेगळे हवेत, नाहीतर एकाच घराण्याच्या दोन शाखा एकमेकींस कधीही सापडणार नाहीत.

निधनवार्तेत जे नाही त्याचा विचार मला अधिक अस्वस्थ करतो. ‘केसरी’ १८८१ पासून आणि ‘सकाळ’ १९३२ पासून निघत आला, परंतु त्यांच्या जुन्या अंकांत वकील, इनामदार, शिक्षक यांची नावे येतात. कोरडवाहू शेतकऱ्याची, धनगराची, गावकुसाबाहेरच्या माणसाची आणि बहुतेक स्त्रियांची नावे शोधूनही सापडावयाची नाहीत. १९१८ च्या मानमोडीच्या साथीत जी माणसे गेली त्यांपैकी बहुतेकांची नोंद कोतवाल बुकातच असेल तर असेल. स्त्रीची वार्ता छापली गेली तरी ती ‘अमक्यांच्या मातोश्री’ एवढीच असते, माहेरचे नाव नसते. ते घरी जाऊन विचारावे, शाळेचे जनरल रजिस्टर पाहावे, आणि फेरिस्तीत माहेरचा रकाना रिकामा राहिला तरी काढून टाकू नये.

मागे एक गृहस्थ मजकडे आले. त्यांच्या आजोबांच्या निधनवार्तेत ‘पश्चात दोन मुलगे, सुना, नातवंडे असा परिवार आहे’ असे छापले होते, आणि तेवढ्यावरून आजोबांना मुलगी नव्हती असे मी लिहून द्यावे, अशी त्यांची मागणी होती. तलाठ्याकडे वारसनोंदीचे प्रकरण चालू होते, आणि आत्या हयात होती. मी त्यांना स्पष्ट नकार दिला. बातमी सांगणाऱ्याने मुलींची नावे गाळणे हे आमच्या भागात फार जुने आहे. मुलीचा हक्क कायद्याने, विशेषतः २००५ च्या दुरुस्तीनंतर, मुलाच्या बरोबरीचा आहे, आणि वृत्तपत्रातील मौनास वारसाच्या प्रश्नात दाखल्याची किंमत नाही. प्रत्येक फेरिस्तीच्या पहिल्या पानावर हे ठळक अक्षरांत छापावे. त्याचप्रमाणे अपघात, आत्महत्या, आजार ही कारणे उतरवू नयेत, बातमीवरून जातीचा तर्क लढवू नये, आणि अलीकडच्या वर्षांतील हयात नातलगांची नावे व पत्ते खुल्या प्रतीत ठेवू नयेत.

नोंद चुकीची असल्याचे कोणी सांगितले तर मूळ ओळ खोडू नये. शेजारी शेरा लिहून सांगणाऱ्याचे नाते व तारीख नमूद करावी. फेरिस्तीची एक प्रत बारामतीस आणि एक इंदापुरास सार्वजनिक वाचनालयात असावी. तिथीची विचारणा सर्वाधिक येते ती भाद्रपदात, पितृपंधरवडा तोंडावर आला म्हणजे. तेव्हा वर्षभरातील दुरुस्त्यांची पुरवणी श्रावण संपण्याच्या आत दोन्ही प्रतींना जोडावी, आणि विचारणाऱ्यास नोंदीबरोबर कात्रणाची छायाप्रतही द्यावी, म्हणजे घरातील वडीलधाऱ्यांना ती स्वतः वाचून पाहता येईल.